केक फुगेपर्यंत

पनूच्या मेंदूने आईला आणि छत्रीला सारखेच गुण दिले.

केतकी दळवीने पडद्यावरची ती आडवी रेघ पाहिली आणि तिच्या मनात पहिली शंका आली ती यंत्राची. यंत्र तिनेच बांधलेलं. मायामापक. डोक्यावर जाळीची हलकी टोपी घालायची, समोर एकेक चित्र दाखवायचं आणि त्या चित्रात माणसाचा जीव किती अडकलाय ते मेंदूच्या लहरींवरून मोजायचं. जीव अडकलेला असेल तर रेघ उसळते, नसेल तर आडवी पडून राहते. नाशिकमधल्या ‘मोकळीक’ कंपनीचा सगळा धंदा या रेघेवर चालायचा.

उन्हाळ्याची सुट्टी, त्यात पाळणाघर बंद. लहान मुलांसाठी बनवलेली नवी टोपी तपासायचीच होती, म्हणून केतकी लेकीलाच प्रयोगशाळेत घेऊन आली होती. एका फेरीत दोन कामं. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून तिचं आयुष्य असंच चाललं होतं.

“झालं का?” सात वर्षांच्या पनूने खुर्चीतून लोंबणारे पाय हलवत विचारलं.

“एकदाच परत. सरळ बस.”

छत्री. आडवी रेघ. शाळेची पाण्याची बाटली. रेघ जराशी उचलली गेली. आई. आडवी. कुठल्याशा परक्या माणसाचा फोटो. आडवी. मग अरूमावशी. रेघ उसळली आणि पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली.

म्हणजे यंत्र ठणठणीत होतं.

केतकीने स्वतःचा फोटो परत पडद्यावर आणला. “पनू, ही कोण?”

“तू. केतकी दळवी. डाव्या गुडघ्यावर टाके आहेत. वांगं आवडत नाही. झोपताना पाय चादरीबाहेर काढतेस.” पनूने शाळेत कविता म्हणावी तसं सगळं धडाधड सांगितलं. एक अक्षर चुकलं नाही.

“आणि तुला मी आवडते का?”

पोरीने खरंच विचार केला. खोटं बोलायचं वय नव्हतं तिचं.

“तू उपयोगी आहेस,” ती म्हणाली.

हा शब्द केतकीच्या ओळखीचा होता. तो रविवारचा शब्द होता.

दर रविवारी सकाळी केतकीच्या घरी रव्याचा केक व्हायचा. ओव्हन वगैरे भानगड नाही. रवा दह्यात भिजत घालायचा, साखर, तूप, वेलची, चिमूटभर सोडा. कुकरची शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला मीठ पसरायचं, वर भांडं ठेवायचं. शेवटी ‘मोकळीक’ची सुगंधपूड, एक पुडी. केक मंद आचेवर फुगत असताना घर आवरायचं. कपाटातली एकेक वस्तू काढायची, दोन्ही हातांत धरायची, तिची गोष्ट मोठ्याने सांगायची आणि मग विचारायचं, ही उपयोगी आहे का? नसेल तर खोक्यात. पुडीवर छापलेलंच होतं: ‘वस्तू हातात, गोष्ट ओठांवर, केक फुगेपर्यंत.’ केक उतरवला की खोकं दाराबाहेर ठेवायचं. जीव तीळभरही तुटायचा नाही.

जाहिरातीतलं वाक्य अरूने लिहिलं होतं. अरुंधती बेहरे, कंपनीची मुख्य रसायनतज्ज्ञ आणि हॉस्टेलपासूनची केतकीची मैत्रीण. पनू जन्मली तेव्हा दवाखान्यात नवऱ्याच्या, सागरच्या आधी अरू पोचली होती. वाक्य असं होतं: ‘रविवारचा एक तास. केक होईल, घर आवरेल आणि लेकरूही जवळ राहील.’

पाळणाघर, ऑफिस, धुणं, डबा, गृहपाठ यांच्या चक्कीत पिसलेल्या आयांनी त्या पुड्यांवर उड्या मारल्या. बाईला वेळ कमी पडतो हे ज्यांना विकता येतं ते तिला वेळ देत नाहीत, पुडी देतात.

केतकीही त्याच चक्कीतली होती. तिने फक्त एकच गोष्ट आधी विचारून घेतली होती. “अरू, पनू मांडीवर असली तर चालेल ना? तिला कुकरची भीती वाटते, चिकटूनच बसते.”

“चालेल काय, पळेल!” अरू म्हणाली होती. “वस्तूंच्या आठवणी वेगळ्या, माणसांच्या वेगळ्या. बिनधास्त कर.”

मग पनूला मांडीवर घेऊन, तिच्या इवल्या हातांवर आपले हात ठेवून केतकी गोष्टी सांगायची. हे झबलं तुझ्या बारशाचं, तू त्यावर शी केलीस. हा खुळखुळा, तुझा पहिला दात यानेच दुखावला. हा पाळणा, यात तू झोपायचीच नाहीस, माझ्या छातीवर झोपायचीस.

प्रत्येक वस्तूची गोष्ट पनूचीच होती. दुसरी कुठली असणार?

अरूच्या खोलीचं दार उघडलं तशी पनू धावली. “अरूमावशी!” ती जाऊन तिच्या कमरेला बिलगली. अरूने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि केतकीचा चेहरा पाहिला. हात तिथेच थांबला.

“जा राणी, बाहेर मासे बघ.”

पनू बाहेरच्या काचेच्या टाकीपाशी जाऊन बसली. केतकीने आलेख टेबलावर टाकला.

“यंत्र बिघडलंय तुझं,” अरू म्हणाली. कागदाकडे न बघताच.

“तुझ्या फोटोला चालतं आणि माझ्या फोटोला बिघडतं? गुणाचं यंत्र आहे! अरू, सैलक नक्की काय करतं ते मला परत सांग. पहिलीतल्या पोराला सांगतेस तसं.”

सैलक म्हणजे पुडीतला मुख्य रेणू. अरूचा शोध.

अरूने चहाचा कप बाजूला सारला. “आठवण ओल्या गिलाव्यासारखी असते. आपण ती काढली की ओली होते, थोड्या वेळाने परत वाळून बसते. तिच्यात दोन गोष्टी असतात. माहिती आणि माया. वाळताना दोन्ही पुन्हा चिकटतात. सैलक तूप-साखरेत तापला की वाफेतून सावकाश सुटतो, नाकातून थेट मेंदूत जातो आणि मायेला परत चिकटू देत नाही. माहिती राहते, माया जाते. फवारा केला असता तर लोक घाबरले असते. केकला कोण घाबरतं?”

“आणि हे फक्त वस्तूंच्या आठवणींना. माणसांचा कप्पा वेगळा. तूच म्हणालीस.”

अरूने बाजूला सारलेला कप परत जवळ ओढला.

“अरू.”

“वेगळा कप्पा नसतो,” अरू म्हणाली. “त्या वेळी जे आठवत असेल, ते सैल होतं. झबलं आठवलं तर झबलं. झबल्यातलं पोर आठवलं तर...”

“कधी कळलं तुला?”

“केतू, बस ना आधी.”

“कधी कळलं?”

“दिवाळीच्या आधी. उंदरांमध्ये. माद्या पिल्लांना ओळखायच्या, दूध पाजायच्या, चाटायच्या. सगळं वेळच्या वेळी. फक्त पिल्लू उचलून नेलं तर शोधायच्या नाहीत.”

केतकीने बोटांवर महिने मोजले. “दिवाळीनंतर तू घरी पुड्या पाठवत राहिलीस. माझ्या ओट्यावर जाहिरात काढलीस. माझ्या पोरीला मांडीवर घेऊन मला कॅमेऱ्यासमोर बसवलंस!”

“तुझं घर आमचा सगळ्यात चांगला नमुना होतं गं. पुड्या परत मागवल्या असत्या तर कंपनी बसली असती. तुझी नोकरी, माझी नोकरी, सगळ्यांचं...”

“आणि तू? तू दर रविवारी यायचीस. आलीस की चपला काढायच्या आधी गॅलरीचं दार उघडायचीस. ‘शी, काय कोंदट केलंयस!’ मग पंखा मोठा. मग पाच मिनिटं गॅलरीत उभी. मला वाटायचं, हिला गरम होतंय. नंतर मात्र दोन-दोन तुकडे खायचीस.”

“केकमध्ये काही नसतं, सगळं वासात...” अरूने जीभ चावली.

हे ऐकून केतकीच्या छातीत जे पेटलं, त्याला राग म्हणणं फार सौम्य झालं असतं. हॉस्टेलात एका ताटात जेवलेली ही बाई. बाळंतपणात हिने पाठ चोळून दिली. आणि हिला माहीत होतं. दार उघडून, वारा घेऊन, स्वतःला वाचवून, मग हिने केकची चव सांगितली. वेलची जरा जास्त झालीये म्हणून!

“मला लुच्ची म्हण, काय वाटेल ते म्हण,” अरूचा आवाज चढला. “पण तूच माझ्या गळ्यात पडली होतीस ना? पनूला पाळणाघरात सोडताना रोज रडायचीस, ऑफिसात डोळे सुजवून यायचीस. ते थांबलं म्हणून माझे आभार मानलेस. म्हणालीस, घर आवरलं तसं डोकंही आवरलं. तेव्हा काय सांगणार होते मी तुला?”

“मला कशाला मध्ये आणतेस? पनूचं बोल. तिची माया गेलीये. माझी तर आहे ना तिच्यावर.”

“कशावरून?”

“कशावरून म्हणजे? मी आई आहे तिची. मला माहीत आहे!”

अरूने टेबलावरचा आलेख तिच्याकडे सरकवला. “माहिती तर राहतेच, केतू.”

केतकी तडक प्रयोगशाळेत गेली. मोठ्यांची टोपी चढवली आणि खुर्चीत बसली. अरू मागोमाग आली होती, पण कळ केतकीने स्वतःच दाबली. छत्री. आडवी. नवजात पनू, दुपट्यात गुंडाळलेली. आडवी. आताची पनू, समोरचा दात पडलेली. आडवी. परका माणूस. आडवी. त्या चारांत तिला फरक शोधता येईना.

मग अरूचा फोटो आला आणि रेघ वरच्या कडेला जाऊन थरथरत राहिली. मायामापकाला राग आणि लोभ वेगळे कळत नाहीत. जीव कुठे अडकलाय, एवढंच कळतं.

मागच्या महिन्यात पनूचं मनगट मोडलं होतं. शाळेचा फोन आला तेव्हा केतकी बैठकीत होती. तिने बैठक पूर्ण केली, मग गेली. प्लास्टर होईपर्यंत शांत बसून राहिली. त्या शांतपणाचं तिला कौतुक वाटलं होतं. आणि आज ती भांडायला आली होती, छाती फुटेल इतकी भांडली होती, ती पोरीसाठी असं तिला वाटत होतं. पोरीसाठी तिच्या आत काहीच हललं नव्हतं. दुखत होती ती फक्त अरू, कारण त्या वाफेत अरूची गोष्ट कधी सांगितलीच गेली नव्हती.

अरूने खिशातून एक पुडी काढून तिच्यासमोर ठेवली. “रागावू नकोस. तुझ्या भल्याचंच सांगते. घरी जा, केक लाव, एकटीने बस आणि माझी गोष्ट सांग. सगळी. हॉस्टेलपासून. केक फुगेपर्यंत. उद्या काही दुखणार नाही.”

हे तिने खरोखर मायेने सांगितलं. घाणेरडं होतं ते हेच.

केतकीने पुडी उचलली आणि पर्समध्ये टाकली.

घर लखलखीत होतं. पायात काही येत नव्हतं. केतकीने कपाटं उघडली. झबलं नाही, खुळखुळा नाही, दुपटं नाही. नीट घड्या घातलेले, वापरातले, उपयोगी कपडे. पोरीचं लहानपण तिने आपल्या हाताने खोक्यात भरून दाराबाहेर ठेवलं होतं आणि वर केक खाल्ला होता.

पर्समधली पुडी टेबलावर ठेवून तिने रवा भिजत घातला. रबर काढलं, मीठ पसरलं. पनू ओट्याशी आली.

“आज रविवार नाहीये.”

“माहीत आहे.”

“कोणती वस्तू काढायची?”

“कुठलीच नाही.”

“मग केक कशाला?”

“खायला,” केतकी म्हणाली.

पनूला हे नवीन होतं. तिने टेबलावरची पुडी उचलली. “ही टाकायला विसरलीस. की ही खोक्यात?”

“ठेव ती. ती वकिलाला दाखवायचीये. या पुड्या बंद करायच्यात.” तिने कुकरचं झाकण लावलं. आपल्याकडे आता काय उरलंय याचा तिने वैज्ञानिकासारखा विचार केला. पोरीबद्दलची माहिती उरली होती. आणि एक जखम, ताजी, अरूची. ती जखम पुसली तर या गावात सैलकाविरुद्ध तोंड उघडावंसं वाटणारं कोणीच उरणार नव्हतं. अरूला हे पक्कं ठाऊक असणार.

“अरूमावशी येईल ना केक खायला?” पनूने विचारलं.

“नाही. आता ती येणार नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही.”

पनूचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग तिने असं काही भोकाड पसरलं की केतकी दचकली. कित्येक महिन्यांत ही पोर रडली नव्हती. मनगट मोडलं तेव्हासुद्धा नाही. “मला अरूमावशी हवी,” ती हुंदक्यांतून म्हणत राहिली, “मला तीच हवी.”

केतकीने तिला मांडीवर घेतलं. घ्यायचं असतं हे तिला माहीत होतं म्हणून घेतलं. पोरीचं गरम, ओलं तोंड मानेशी लागलं आणि केतकीही रडू लागली. तिलाही तीच बाई हवी होती, हॉस्टेलातली, एका ताटात जेवणारी. मायलेकींमध्ये तेवढं एकच सारखं उरलं होतं. एकाच बाईने दोघींना फसवलं होतं आणि दोघी तिच्याचसाठी रडत होत्या, एकमेकींना घट्ट धरून.

टेबलावर पुडी होती. हात लांबवला असता तर पोचला असता.

केक फुगत होता. घरभर नुसत्या वेलचीचा वास भरला होता. गॅलरीचं दार उघडायला कोणी उठलं नाही.