गॉगलच्या जाड काड्या

आठवड्याचे सहा दिवस आईचं डोकं दुखायचं आणि रविवारी दुखायचं नाही. मिथिलाला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

रविवारीही आई तोच काळा गॉगल लावून अंगणात कामं करत असे. ऊनही तेच असे. मग रविवारीच बरं कसं वाटायचं?

गॉगल बाबांचा होता. मागच्या उन्हाळ्यात पठारावर पवनचक्की दुरुस्त करताना बाबांना उष्माघात झाला आणि त्यातच ते गेले. त्यांचे कपडे आईने हळूहळू वाटून टाकले. गॉगल मात्र तिने स्वतःसाठी ठेवून घेतला.

आई पठारावरच्या वाड्यांना लसी पोहोचवायची. खाली सपाटीवर हे काम केव्हाच ड्रोनकडे गेलं होतं. पठारावरच्या वाऱ्यात मात्र ड्रोन भेलकांडून पडत, तिथे बॅटरीची मोटरसायकल आणि ती चालवणारं माणूसच लागे. संध्याकाळी आली की आई हेल्मेट काढून सरळ आतल्या खोलीत जाई आणि दार ओढून घेई. "डोकं उठलंय गं," एवढंच म्हणे. मिथिलाला वाटे, आई बाबांसाठी रडते आहे आणि आपल्याला डोक्याचं निमित्त सांगते आहे.

एका सोमवारी आई लंगडत घरी आली. गुडघा सोलवटला होता.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

"कानावर फार कळ आली, म्हणून गॉगल काढून खिशात ठेवला. वळणावर ऊन एकदम डोळ्यांत आलं आणि चरात गेले. लसींची पेटी शाबूत आहे, बाबा." आई सासऱ्यांना बाबाच म्हणायची.

"पेटीचं नाही विचारलं मी," आजोबा म्हणाले.

आजोबांनी उभी हयात हेल्मेट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्त होताना त्यांनी तिथलं एक जुनं मापडोकं घरी आणलं होतं. माणसाच्या डोक्याएवढं ते रबरी डोकं होतं आणि त्याच्या कातडीखाली हजारो संवेदक (दाब ओळखणारे बारीक ठिपके) बसवलेले होते. दाब कमी असला की पडद्यावर निळा रंग दिसे. जास्त झाला की लाल.

दुसऱ्या दिवशी आई निघण्याआधी मिथिलाने गॉगल मागून घेतला आणि मापडोक्याला लावला. पडदा निळाच राहिला. गॉगल काढून नुसतं हेल्मेट चढवलं, तरी निळाच.

"आता दोन्ही लाव," आजोबा म्हणाले.

दोन्ही कानांच्या वर लालभडक रेघ उमटली.

"म्हणून रविवारी दुखत नाही, तेव्हा हेल्मेट नसतं! एकेकट्याने दोन्हींचा काही त्रास नाही. मग एकत्र आल्यावर का?" मिथिलाने विचारलं.

"हेल्मेटच्या आत मऊ अस्तर असतं ना, ते स्प्रिंगसारखं वागतं. जितकं जास्त दाबशील तितकं ते उलट रेटतं. काडी जाड असली की तिथलं अस्तर जास्त दबतं आणि जास्त जोराने रेटतं. तो सगळा जोर काडीखालच्या अरुंद पट्टीवर येतो. हाच दाब (जोर भागिले तो जिथे पडतो तेवढी जागा). जोर वाढला आणि जागा कमी झाली, की दाब दोन्हीकडून वाढतो."

"पण बायका डोक्यावर घागर नेत, तेव्हा टोचायचं नाही?"

"म्हणून तर त्या खाली चुंबळ ठेवत. घागरीचं बूड गोल, टेकतं एवढ्याशा जागेवर. चुंबळ तोच भार पसरून देते. वजन तेवढंच राहतं, टोचत मात्र नाही."

"म्हणजे काडी पातळ आणि चपटी हवी."

"हो. आणि टोकाला सरळ हवी. कानामागे वळलेली नको, म्हणजे हेल्मेट घातल्यावर गॉगल अलगद आत सरकवता येतो. भिंग न फुटणाऱ्या प्लास्टिकचं हवं." आजोबांनी गॉगलच्या काचेकडे बोट केलं. "निनादच्या गॉगलला काच आहे. काल ती डोळ्यांवर असती आणि फुटली असती, तर..."

आई दारात उभी होती.

"म्हणजे हा सोडायचा," ती म्हणाली.

आजोबांनी मापडोक्यावरचं हेल्मेट उतरवलं. निनाद त्यांचा एकुलता एक मुलगा होता.

"हा लावला की पठार त्याला जसं दिसायचं तसं मला दिसतं," आई हळूच म्हणाली. "दुखलं तर दुखू दे, असं वाटायचं मला."

मिथिला आईजवळ गेली. "आई, तू पडलीस तर मी कुणाकडे जाऊ?"

 आईने मापडोक्यावरचा गॉगल काढला, पदराने दोन्ही काचा पुसल्या आणि तो आजोबांच्या हातात दिला. आजोबांनी तो दोन्ही हातांनी धरला. 

त्या दिवशी आईने रजा टाकली. तालुक्याच्या दुकानदाराने तीन गॉगल बघायला दिले आणि मिथिलाने एकेक करून मापडोक्यावर हेल्मेटखाली लावून पाहिले. पहिल्याची काडी पातळ होती, पण टोकाला वळलेली. कानामागे लाल ठिपका आला. दुसऱ्याच्या काडीवर नक्षीचा उंचवटा होता, तिथे नेमकी लाली दिसली. तिसरा अगदी साधा, करड्या भिंगांचा. पडदा निळा राहिला. मग आईने हेल्मेट घालून तो स्वतः आत सरकवला आणि मान चारी दिशांना वळवून पाहिली.

"टोचत नाही," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता.

बुधवारी संध्याकाळी आई परतली. आतल्या खोलीत गेली नाही. पायरीवर मिथिलाजवळ बसली.

"डोकं दुखतंय?"

"नाही." आणि आई रडू लागली.

मिथिला तिला टेकून बसली. तिला आता समजलं होतं, की आईला दोन दुखणी होती. एक लाल रेघांमध्ये दिसलं आणि बरं झालं. दुसरं कुठल्याच पडद्यावर दिसणार नव्हतं.

"बाबा तिथे वर काय काय बघायचे, सांग ना," तिने विचारलं.

आईने डोळे पुसले. "सांगते. पठारावर एक तळं आहे. त्याने मला पहिल्यांदा तिथेच नेलं होतं. यंदा पाणी राहिलं, तर तुलाही नेईन." मग ती म्हणाली, "तुझ्या मापाचं हेल्मेट बघायला हवं."