रसवंतीमागची विहीर

वीज गेली होती. मिथुन आणि दीपिका ओट्यावर जिव्याकाकांना बिलगून बसली होती. नाक्यावर पूर्वी काय होतं, असं मिथुननं सहज विचारलं, आणि काका सांगू लागले ते त्यांच्या ओळखीतल्या भावेशचं.

बोईसरहून वाणगावकडे जाताना तेव्हा टपऱ्यांची रांग होती. भाड्यानं सायकली देणारा, पंक्चरवाला, झाडाला आरसा टांगून दाढ्या करणारा न्हावी, आणि शेवटी महादूची रसवंती. चरकाला घुंगरं बांधलेली. मागच्या विहिरीला महादू इतका जपायचा, की चपला घालून कुणाला कठड्यापाशी फिरकू देत नसे. रस्ता रुंद झाला, सगळं गेलं. त्याच पावसाळ्यात महादूही वारला. विहीर तेवढी राहिली. पाड्यावरच्या बाया अजून तिथलंच पाणी भरायच्या.

भावेश टेम्पो चालवायचा. एका कारखान्यातला गाळ लांब नेऊन टाकायचं काम त्याला मिळालं होतं. पण एवढ्या लांब कोण जातो? रात्री तो ड्रम त्या विहिरीतच रिकामे करायचा. पाण्याला वास येतो, पोरांच्या अंगावर फोड उठतात, हे त्याच्या कानावर आलं होतं. त्यानं ऐकलं आणि सोडून दिलं.

गेल्या वर्षीची एकवीस मे, बुधवारची रात्र. तासाभरात येतो, जेवण झाकून ठेव, असं बायकोला, तेजलला, सांगून तो निघाला. नाक्यापुढे टेम्पो वळवला, दिवे मालवले. पहिला ड्रम कठड्यावर टेकवून झाकण उघडलं. कुजक्या अंड्यांचा, जळक्या रबराचा भपकारा आला. नाकाला रुमाल बांधून त्यानं ड्रम कलता केला...

छुम.

गुरं असतील, असं म्हणत तो वळला. जिथं डांबर होतं, तिथं कंदिलाचा पिवळा उजेड होता. लाकडी बाक. चरक. आणि पाठमोरा महादू, खांद्यावर ओला पंचा.

"बस, भाव्या."

पाय आपसूक वाकले. तो बसला.

महादू चरकात काहीतरी सारत होता. ऊस नव्हता तो. काळं, फुगलेलं, केसांत गुंतलेलं. पिळताना पचपच आवाज. पुवासारखा रस गाळणीवर साचत होता, आणि गाळणीत वळवळत होतं. महादूनं ग्लास नीट पुसला. काठोकाठ भरला. वर फेस.

"पी."

भावेशनं मान हलवली. ओठ घट्ट मिटले. पण हात... हात पुढे गेला.

कोमट. घट्ट. शेंबडासारखं. घशात काहीतरी लांब अडकलं. गिळलं. परत वर आलं. परत गिळलं. ग्लास संपेना...

महादू आता वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. गिऱ्हाइकाला विचारावं तसं त्यानं विचारलं,

"गोड हाय ना? पाणी आपल्याच विहिरीचं."

...

उजाडताच पाणी भरायला आलेल्या बायांना भावेश कठड्यापाशी सापडला, स्वतःच्या ओकारीत लोळलेला. शुद्धीवर येताच त्यानं त्यांच्या कळश्या उपड्या केल्या. पिऊ नका, गाळ मीच टाकलाय, म्हणाला. बायांनी त्याला बडवला. त्यानं मुकाट मार खाल्ला, मग पंचायतीसमोर कारखान्याचंही सगळं सांगून टाकलं. विहीर बंद झाली. पाड्यावर नळ आला.



"आता बरा हाय ना तो?" दीपिकानं विचारलं.



बरा आहे, काका म्हणाले. जेवतो, कामाला जातो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर वगैरे काही नाही. फक्त तेजलला रोज सकाळी त्याची उशी झटकावी लागते. मुंग्या. भिंतीवर रांग नाही, पलंगाखाली नाही. तोंडाखालच्या भागावर तेवढ्या. अभ्रा बदलला, कापूस बदलला. शेवटी एका रात्री तो गाढ झोपलेला असताना तिनं बॅटरी मारून पाहिलं...

"मग?"

"ओठांच्या कोपऱ्यात रांग होती," काका म्हणाले. "आत जाणारी नाय. बाहेर येणारी."