खोपकरांचं तिसरं प्रकरण

बदलापूरहून अंबरनाथ एमआयडीसीकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात खोपकर रोज एक छोटा टेपरेकॉर्डर तोंडाशी धरून पुटपुटत बसत. केमिकल कंपनीत स्टोअर ऑफिसर असले तरी त्यांना पुस्तक लिहायचं होतं. त्या वाटेवर लिहिण्याच्या लायकीचं माणूस त्यांना एकही दिसेना, म्हणून त्यांनी नालायकांवरच लिहायला घेतलं. ऑफिसातली अस्मिता कॅसेट उल्हासनगरला घरी नेई आणि टाइप करून आणी.

पहिलं प्रकरण गोजरबाईचं. चामटोलीहून पॅकिंगच्या कामाला येणारी, डब्यात सुके बोंबील. "हिला दुनियेत जागा कशाला लागते, कोण जाणे," असं म्हणून खोपकरांनी ते संपवलं. टाइप केलेली पानं हातात पडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी गोजरबाई आली नाही.

"मावशीची आज दांडी वाटतं?" त्यांनी रिक्षावाल्या बाळाला खुशीत विचारलं.

"कोण मावशी, साहेब?"

"अरे, गोजरबाई. रोजची."

"अशी कोण नाय बसत आपल्या रिक्षात."

बाळाच्या डोक्यात भुसा आहे हे खोपकरांना आधीपासून ठाऊक होतं. पुढच्या प्रकरणाला त्यांनी सुदामला घेतलं. त्यांच्याच कंपनीतला फिटर. झोपेत मान त्यांच्या खांद्यावर टाकायचा. त्याच्या प्रकरणाचंही शेवटचं वाक्य तेच. पानं आली आणि सुदाम यायचा बंद झाला.

त्या दिवशी खोपकरांनी गेटवरचा पंचिंग कार्डांचा रॅक पाहिला. सुदामच्या खाचेत भलत्याच माणसाचं कार्ड होतं. जुनं, तेलकट, बोटांनी काळं पडलेलं. टाइमकीपर म्हणाला, "वर्षानुवर्षं हेच आहे."

खोपकर टरकले. टेपरेकॉर्डर त्यांनी घरी कपाटात टाकून कुलूप लावलं.

आठवड्याने अस्मिता हसत टेबलापाशी आली. "सर, तिसरं प्रकरण एकदम भारी. घरी हसून हसून वाट लागली सगळ्यांची."

"तिसरं? मी तिसरं बोललोच नाही."

"असं काय करता? काल तुम्हीच दिली ना कॅसेट."

तिने पानं आणि कॅसेट पुढे ठेवली. *हा इसम रोज तोंडाशी डबी धरून बसतो. ह्याच्याशी कोणी बोलत नाही, म्हणून हा डबीशी बोलतो.*

खोपकरांनी ऑफिसातल्या टेपवर कॅसेट लावून ऐकली. रिक्षाची खडखड, बाळाचा हॉर्न, आणि वर त्यांचाच आवाज, नाकातून बोलणारा, तुच्छ. "ह्याला दुनियेत जागा..." आणि टेप खट्कन संपली.

वाक्य अर्धंच होतं. त्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी घाईघाईने शेवटचं पान काढलं. तिथे वाक्य पूर्ण होतं.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच पुरं केलं, सर. तुमचं कुठेही तुटलं तरी मी जोडून घेते. तुमची स्टाइल पाठ झालीय आता."

"फाड ते! आत्ताच्या आत्ता फाड!"

अस्मिताने घाबरून पानं टराटरा फाडली.

दुसऱ्या सकाळी खोपकर सगळ्यांच्या आधी रिक्षात कडेला बसले. दांडा घट्ट धरला. शेजारी दोन कामगार येऊन बसले.

"एक सीट!" बाळा बाहेर ओरडत होता. "एमआयडीसी, एक सीट!"

"अरे, तिघं भरलो की!"

बाळाने वळून पाहिलं नाही.

"बाळा!" खोपकर जिवाच्या आकांताने ओरडले.

शेजारचा कामगार जांभई देत राहिला.

तेवढ्यात एक बाई लगबगीने आली. कडेची सीट मोकळी बघून खूश झाली. तिने पर्समधून रुमाल काढला, सीट नीट पुसली आणि बसली.