साठीपर्यंत थांब

डोरीन आपले कपडे घ्यायला परत आली, तेव्हा बाहेर गारठवणारा पाऊस झोडपत होता आणि नाणी टाकून आपले आपण कपडे धुवायच्या लॉन्ड्रीत एक उंच, पिकल्या केसांचा माणूस तिच्या फुलाफुलांच्या चादरीची घडी घालत होता.

“अहो, ती माझी आहे!”

“वाटलंच... माझ्या चादरींना कुठली फुलं! तेवढं टोक धरता का?”

तिनं धरलं. घडीगणिक दोघं जवळ येत गेली, बोटांना बोटं लागली — आणि शाळेच्या स्वयंपाकघरात राबून गुडघे झिजवलेली अठ्ठावन्न वर्षांची डोरीन चक्क लाजली.

त्याचं नाव आयनार. वय एकाहत्तर, सारा जन्म सरोवरातल्या मालबोटींवर गेलेला. उन्हाळ्यात एकदा डुलुथ बंदराच्या धक्क्यावर तो म्हणाला, “लग्न करू या?”

“साठीपर्यंत थांब.”

“का? तोवर मी आणखी देखणा होणारेय?”

ती हसली. “मी साठीच्या आत लग्न केलं तर माझ्या गेलेल्या नवऱ्याच्या, डेलच्या माघारी साठीला मिळणारं पेन्शन जाईल रे. तुझ्या पेन्शनमधला बायकोचा वाटा बासष्टीशिवाय नाही. हे गुडघे तोवर टिकायचे नाहीत...”

“मी पोसेन की तुला.”

“तुझं तुलाच पुरत नाही.”

“बरं — थांबतो.” त्यानं तिचा हात कोटाच्या खिशात ओढून घेतला.

थंडीत त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात विचारलं, “तुम्ही पत्नी?” डोरीनला ‘नाही’ म्हणावं लागलं. तिला दाराबाहेरच बसवलं. निर्णय घेतले ॲरिझोनाहून आलेल्या त्याच्या लेकीनं, इंग्रिडनं. ती त्याला कायमचं तिकडे नेणार होती.

ती दोघं निघाली तेव्हा डोरीन गाडीच्या खिडकीशी वाकली. “आयनार, चल, आजच लग्न करू. गेलं ते पेन्शन खड्ड्यात!”

त्यानं तिच्याकडे पाहिलं — परक्या बाईकडे पाहावं तसं, अदबीनं.

“माफ करा हं, बाई... माझं ठरलंय. ती थांब म्हणालीये.”

डोरीननं हळूच विचारलं, “चांगली आहे का हो ती?”

“गोड आहे.” तो तोंडाच्या एकाच बाजूनं हसला. “येईलच एवढ्यात.”

इंग्रिडनं डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.