तिसरा टहाळा

त्या वर्षी थंडी पडलीच नाही. डिसेंबर संपत आला तरी वाशीत आमच्या सोसायटीत रात्रभर पंखे चालू. तिसऱ्या मजल्यावर आता एकट्याच राहणाऱ्या मालतीकाकू जिन्यात म्हणाल्या, "यंदा धुकं नाही रे. डोंगरावर सगळं लख्ख दिसेल."

एवढंच. जा म्हणाल्या नाहीत. मी पनवेलची एस्टी पकडली.

मागच्या डिसेंबरात त्यांचा एकुलता एक सुधीर आणि मी प्रबळगडावर गेलो होतो. धुकं एवढं की स्वतःचे बूट दिसेनात. वाट कोणती यावरून आमचं वाजलं. तो म्हणाला, "नववी नापास, तू मला रस्ता शिकवणार?" डोकं सटकलं. त्याला तिथेच सोडून उतरलो.

पायथ्याच्या ठाकरवाडीच्या थोडं वर शेंदूर फासलेला दगड आहे. चढताना प्रत्येकाने त्यावर एक हिरवा टहाळा ठेवायचा, उतरताना आपला उचलून टाकायचा. संध्याकाळी वाडीतलं कोणीतरी बघून जातं. टहाळा राहिला म्हणजे माणूस वर राहिला.

रागात मी दोन्ही उचलले आणि दरीत भिरकावले.

दगड रिकामा. त्या रात्री शोधायला कोणी गेलंच नाही. दोन दिवसांनी गेले, तेव्हा काहीच मिळालं नाही. टहाळ्याचं मी कोणाला बोललो नव्हतो.

यंदा वाडीतला सिताराम सोबत आला. "वाशीचा ना तू? बूट चांगलं हायत. घाम पन चांगला हाय," म्हणाला. वाट सुकून पिठासारखी झाली होती.

दगडावर आधीच एक टहाळा होता. हिरवागार. पानांवरून पाणी ठिबकत होतं.

"वर कोण गेलंय?"

"कोनी नाय." त्याने धुळीकडे बोट दाखवलं. पाऊल एकही नव्हतं.

मी पानांना हात लावला. बर्फाच्या लादीवर ठेवावा तसा बधिर झाला.

दिवसभर प्रत्येक कपार, प्रत्येक टाकं बघितलं. लख्ख दिसत होतं. सुधीर नव्हता.

उतरलो तेव्हा आमचे दोन टहाळे कोमेजलेले. तिसरा तसाच.

"त्याला हात लावू नको. ज्याचा त्यानं उचलायचा," सिताराम म्हणाला.

"मागच्या वर्षी त्याचा मीच टाकला."

त्याने आपला टहाळा उचलून टाकला. मग झपाझप पुढे निघाला. एकदाही मागे वळला नाही.

मी तो तिसरा टहाळा उचलला.

काकूंना दिला, सगळं सांगितलं. वाटलं, कानाखाली वाजवतील. त्यांनी ग्लासात पाणी भरलं, टहाळा त्यात ठेवला आणि ग्लास सुधीरच्या खोलीतल्या खिडकीत ठेवला.

सकाळी दूध केंद्राच्या लाइनीत त्या माझ्या पुढे होत्या. उकडत होतं. मी सहज वर बघितलं.

सगळ्या बिल्डिंगमध्ये एकाच खिडकीची काच धुक्याने पांढरी झाली होती. तिसरा मजला.

आतून कोणीतरी तळहाताने काच पुसली.

काकूंनीही पाहिलं. पदराने चेहरा टिपला, नंबर आला तशा पुढे सरकल्या.

"आज दोन बाटल्या द्या."