भातवाढीनं छापलेली नदी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या देशी किराणा दुकानात चला. साल दोन हजार चार. बाहेर झड लागलेली, आत हिंगाचा वास... आणि फळीवर एकच लाकडी भातवाढी उरलेली. तिच्यावर दोन हात एकदम पडले. एक नीलांबरीचा. ती रविवारच्या मराठी शाळेत शिकवायची. दुसरा एका कुरळ्या केसांच्या तरुणाचा.

"भात लावलाय?" तिनं विचारलं.

"छे. चित्र छापायचंय."

तो अवधूत. वडील नागपूरचे, आई ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी समाजाची. तो लिनोच्या मऊ, रबरासारख्या लादीवर चित्र कोरायचा, शाई फिरवायचा, वर कागद ठेवून भातवाढीनं घासायचा. नीलांबरीनं ती सोडली. बदल्यात शाळेच्या प्रदर्शनासाठी एक चित्र मागितलं. मग महिनाभर चहा, चिडवाचिडवी, बशीवर उमटलेली त्याची शाईची बोटं...

प्रदर्शनाच्या दिवशी त्यानं आपल्या ठिपक्याठिपक्यांच्या नदीच्या चित्राखालचं कार्ड वाचलं, आणि चित्र भिंतीवरून उतरवलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. का?"

"'अर्धा मराठी, अर्धा मूलनिवासी. ठिपके आईकडचे, नदी भारतातली.'" त्यानं कार्डावरचं मोठ्यानं वाचलं. "ठिपके माझ्या नागपूरच्या आजीचे आहेत, रांगोळीतले. नदी आईच्या गावची. तिच्या माणसांत ठिपके काढतच नाहीत."

"मला वाटलं—"

"सगळ्यांना वाटतंच. महिनाभर समोर बसलीस, यार. माझी वाटणी करण्याआधी एकदा विचारायचंस."

"आणि तू? जोक मारत बसलास. एकदा तरी धड सांगितलंस?"

"सांगून दमलोय मी. जन्मापासून तेच करतोय."

तेवढ्यात शाळेतली सात वर्षांची आन्या मध्ये आली. तिचे बाबा ठाण्याचे, आई इथलीच. कार्डावर बोट ठेवून तिनं एकेक अक्षर लावलं होतं.

"टीचर, मीपण अर्धी? विच हाफ?"

 नीलांबरीचे कान तापले, आता राग स्वतःचाच होता.

"चुकलं माझं," ती अवधूतला म्हणाली. "हवं तेवढं चीड. पण जाऊ नकोस."

"चित्र ठेवतो."

"चित्राचं नाही म्हणत मी... तुझं म्हणतेय."

 त्याच्या कपाळावरची आठी होती तशीच — पण चित्र त्यानं परत खिळ्याला लावलं.

"अजून चिडलोय मी," तो म्हणाला.

"मग चहा कडक करते."

आन्याला मात्र अजून कोणी उत्तर दिलं नव्हतं. ती अवधूतनं मुलांसाठी मांडलेल्या छपाईच्या टेबलाशी गेली. रोलरनं तळहाताला काळी शाई लावली. मग ते कार्ड भिंतीवरून काढून जमिनीवर ठेवलं आणि 'अर्धा' या शब्दावर आपला अख्खा पंजा दाबून धरला.