नेलपॉलिशची रेघ

रुखसार आली तेव्हा शेषेराव गुरुजी पेरू कापत होते. पेरू कापताना जगातली कुठलीही भानगड थांबू शकते, असं गुरुजींचं मत होतं. पण पोरीचा चेहरा बघून त्यांनी सुरी खाली ठेवली.

"अब्बानं गॅरेजला कुलूप लावलंय," ती म्हणाली. "आठ दिवस झाले. म्हणतात, माझे हात गेले."

दीपमाला पूर्वी विमा कंपनीसाठी ठोकरलेल्या गाड्या तपासायची. आता नांदेडात तिचं स्वतःचं तपासाचं ऑफिस होतं. शेषेराव हे निवृत्त पी.टी. मास्तर, ते तिची गाडी चालवत आणि न मागता मतं देत.

रुखसारने सगळं सांगितलं. तिचे वडील निजामोद्दीन मिस्त्री. देगलूरच्या शिवशंकरने आपल्या डिझेल गाडीचं इंजिन त्यांच्याकडून तगडं करून घेतलं होतं. मोठा टर्बो बसवला, आणि टर्बोची दाबलेली हवा इंजिनात नेणाऱ्या रबरी नळ्या काढून निळ्या सिलिकॉनच्या घातल्या. शनिवारी दुपारी गाडी दिली. रविवारी शिवशंकर लातूरला असल्याच गाड्यांच्या मेळाव्याला निघाला. उदगीरच्या अलीकडे ट्रकला ओलांडताना एक नळी निसटली, गाडीचा जोर ऐन वेळी गेला आणि ती लिंबाच्या झाडावर आदळली. शिवशंकरचा पाय दोन ठिकाणी मोडला. मिस्त्रीने नळी ढिली बसवली, असा जबाब त्याने पोलिसांत दिला.

"चाळीस वर्षांत कुणी अब्बाच्या कामावर बोट ठेवलं न्हाई. आता त्यांना स्वतःलाच खरं वाटून राहिलंय. चूक त्यांची असली तर तसं सांगा, मॅडम. पण नक्की काय ते सांगा."

दीपमालाला ही मुलगी आवडली.

गाडी उदगीरच्या पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. निळी नळी पाइपावरून सुटून लोंबत होती. तिच्या तोंडावरचा लोखंडी क्लॅम्प मात्र अजून घट्ट होता. क्लॅम्पच्या बोल्टावर लाल रंगाचा एक ठिपका होता आणि नळीवर, अंगठाभर अंतरावर, दुसरा. क्लॅम्पशेजारी बारीक तारेचे दोन वेढे होते. तारेला पीळ देऊन तिचं टोक आत वळवून दाबलेलं होतं.

"मिस्त्री पक्कं काम करतात," गुरुजी म्हणाले. "वरून तारसुद्धा."

दीपमालाने नळीच्या आत बोट फिरवलं आणि गुरुजींच्या नाकापुढे धरलं. गुरुजींनी तोंड वाकडं केलं.

"एरंडेल. लहानपणी दर महिन्याला पाजायचे. मेल्यावरही ओळखीन."

निजामोद्दीन मिस्त्री घरात भिंतीकडे तोंड करून बसले होते. बोलायला तयार नव्हते, पण कामाबद्दल विचारल्यावर वळले.

"नळी चढवायला काय लावता, चाचा?"

"साबणाचं पाणी. ते वाळतं, मग नळी धरून बसते. तेल कधीच न्हाई. तेल वाळत न्हाई, नळी सरकते."

"आणि तार?"

"क्लॅम्प असताना तार कशाला?"

"लाल ठिपके?"

मिस्त्री मुलीकडे बघून ओशाळले. "क्लॅम्प कसला की हिच्या नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारतो, बोल्टावरून नळीवर. पुढं कधी ढिला झाला तर बघितल्याबरोबर कळतं."

लातुरात सुदर्शनचं दुकान होतं. तो याच नळ्या विकायचा आणि बसवूनही द्यायचा. शिवशंकर त्याचा दोस्त. पण काम नांदेडच्या म्हाताऱ्याला दिलं म्हणून दोघांची कडाक्याची भांडणं झाली होती. सुदर्शनने ते लपवलं नाही.

"शनिवारपासून मी मेळाव्याच्या मैदानावरच होतो. कुणालाही विचारा."

"नळीला तेल लागलं होतं."

"तेल लावणारा एक तर अडाणी, न्हाई तर दुश्मन."

गाडीत बसताच गुरुजी म्हणाले, "दुश्मन हाच. चोराच्या मनात चांदणं."

"तो मैदानावर होता, गुरुजी."

"माणूस पाठवला असेल," गुरुजी म्हणाले आणि पुढे देगलूरपर्यंत त्या माणसाची उंचीसुद्धा ठरवून मोकळे झाले.

शिवशंकरचं घर शेतातच होतं. तो पाय प्लास्टरात घालून पडला होता. त्याचे वडील गुरुपादप्पा ताक घेऊन आले आणि दाराशीच उभे राहिले.

"शनिवारी संध्याकाळी गाडी घरी आली. किल्ली माझ्याजवळ, अंगणाला फाटक," शिवशंकर म्हणाला. "सकाळी अप्पांनी धुऊन पूजा केली, लिंबू बांधलं. दुसऱ्या कुणी हात लावला न्हाई."

"गाडी लई शिट्टी मारत होती," गुरुपादप्पा हळू म्हणाले. "मी बोललो होतो याला."

शिवशंकर हसला. "टर्बो मोठा हाय, शिट्टी मारणारच. त्याचीच तर मजा हाय, अप्पा."

म्हाताऱ्याने ताकाचे पेले उचलले आणि मान वर न करता निघून गेला.

हात धुवायला दीपमाला विहिरीवर गेली. मोटारीच्या तोंडाशी जाड नळी बसवलेली होती, वर तारेचे दोन वेढे. तिने तारेवरून तळहात फिरवला. कुठे बोचलं नाही. कोनाड्यात काडेपेटी, पक्कड आणि एक तेलकट बाटली होती. तिने बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि परत लावलं. गुरुजींना भूक लागली होती, म्हणून ती लगेच निघाली.

दोन दिवसांनी तिने सगळ्यांना शिवशंकरच्या खोलीत जमवलं. निजामोद्दीन रुखसारच्या आग्रहाने आले होते आणि कोपऱ्यात बसले होते.

"नळी निसटली, पण क्लॅम्प नळीवर घट्टच राहिला," दीपमाला म्हणाली. "दोन्ही जोडीनंच पाइपावरून सुटली. मग चाचांची रेघ जुळायला हवी होती. ती अंगठाभर सरकलीय. म्हणजे गाडी गॅरेजमधून गेल्यावर कुणीतरी क्लॅम्प सोडला, नळी काढली आणि तेल लावून परत चढवली."

"माझ्याकडं कशाला बघता?" सुदर्शन म्हणाला.

"मी नाही, गुरुजी बघतायत. वाईट करायला आलेला माणूस तेल लावेल, पण वरून तार बांधणार नाही. बांधलीच, तर पुढच्याच्या हाताला लागू नये म्हणून टोक आत वळवणार नाही. ज्यानं हे केलं त्याला गाडी जपायची होती. गुरुजी, विहिरीची मोटार शिट्टी मारते तेव्हा काय करतात?"

शेषेराव शेतकऱ्याच्या घरचे. "मोटारीनं हवा धरली म्हणायचं. नळी काढायची, तोंडाला एरंडेल लावून परत बसवायची, वरून तार..." एवढं बोलून ते थांबले.

"मोटार ओढते," दीपमाला म्हणाली. "त्या ओढीनं नळी पाइपाला धरून राहते, तेलानं बिघडत नाही. टर्बो फुंकतो. त्याच्या नळीला तेल लागलं की इंजिनानं जोर धरताच ती बाहेर."

कुणी गुरुपादप्पांकडे बघितलं नाही. ते स्वतःच बोलले.

"पहाटे उठलो. धुवायला म्हणून याच्या उशाची किल्ली घेतली, लिंबू बांधायच्या आधी बॉनेट उघडलं. वाटलं, पोरगं लांब चाललंय, वाटेत हवा धरायला नको. दवाखान्यात नळी निसटली म्हणाले तेव्हाच मला कळलं. याच्या पायाकडं बघून तोंड उघडलं न्हाई." मग ते निजामोद्दीनकडे वळले. "तुमचं नाव जात होतं, अन् मी बघत बसलो. मला लाज वाटते, मिस्त्री."

"अप्पा, मला एकदा विचारायचं तरी," शिवशंकर म्हणाला.

"विचारलं होतं. तू हसलास."

शिवशंकरने डोळे मिटून घेतले. मग तो म्हणाला, "चाचा, उद्या पोलिसांना बोलावून जबाब बदलतो."

निजामोद्दीननी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

पुढच्या महिन्यात गाडी गॅरेजमध्ये आली. सोबत गुरुपादप्पा आले आणि बाहेरच उभे राहिले. निजामोद्दीननी त्यांना आत बोलावलं, साबणाच्या पाण्याचा डबा त्यांच्या हातात दिला आणि नळी कशी चढवायची ते दाखवलं. क्लॅम्प स्वतः कसला. मग रुखसारची नेलपॉलिशची बाटली त्यांच्यापुढे धरली.

"रेघ तुम्ही मारा, अप्पा."

म्हाताऱ्याने बोल्टावरून नळीवर ब्रश ओढला. रेघ वाकडी आली. निजामोद्दीननी ती पुसली नाही.